खुब्याच्या ऑपरेशननंतर आई बरळतेय: दुखण्याच्या गोळ्या बंद कराव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: "आईचं वय ७८, वजन ४५ किलो. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. सहाव्या दिवशी घरी आणलं. दोन रात्रींपासून ती बरळते, गेलेल्या वडिलांशी बोलते, ड्रेसिंग ओढते. दिवसा मात्र झोपूनच असते, दोन घास खाल्ले तर खाल्ले. ऑपरेशनपासून शौचाला नीट झालेलं नाही, कालपासून थोडं थोडं पातळ होतंय. आधीच्या गोळ्या: बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, अ‍ॅस्पिरिन ७५, आणि वडील गेल्यापासून उदासीसाठी एस्सिटॅलोप्रॅम. हॉस्पिटलने दिलेल्या: अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल दोनदा, ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल तीनदा, रात्री प्रिगॅबॅलिन ७५, अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल. दुखतं म्हणते तेव्हा आम्ही घरातली पॅरासिटामॉल ६५० देतो, दिवसातून तीनदा होते. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, १.१ म्हणजे नॉर्मल होतं. दुखण्याच्या सगळ्या गोळ्या बंद करू का? शेजारी म्हणतात, रात्री अल्प्राझोलमची अर्धी गोळी द्या, शांत झोपेल."

अल्प्राझोलम देऊ नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण आजच्या रात्रीसाठी ही गोष्ट आधी सांगते. ट्रॅमाडॉल आणि प्रिगॅबॅलिन पोटात असताना वरून झोपेची गोळी गेली की माणूस शांत दिसतो खरा, पण श्वास मंदावतो, थुंकी फुफ्फुसात जाते, आणि अर्धवट गुंगीत उठायला गेलं की नव्या सांध्यासकट पडणं होतं. भ्रमही उतरत नाही, उलट लांबतो.

आणि सगळं एकदम बंदही करू नका. घरच्यांना वाटतं की बरळणं म्हणजे औषध चढलं, औषध काढलं की उतरेल. निम्मंच खरं आहे. न शमलेलं दुखणंही म्हाताऱ्या माणसाला भ्रमात ढकलतं. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांमध्ये खुबा मोडलेल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना दुखण्याचं औषध फार कमी मिळालं होतं त्यांच्यात भ्रमाचं प्रमाण जास्त निघालं, आणि पेथिडिन हे दुखण्याचं इंजेक्शन मिळालेल्यांमध्येही जास्त निघालं. म्हणजे औषध तोडलं तरी भ्रम, चुकीचं औषध दिलं तरी भ्रम. मी भूलतज्ज्ञ आहे, खुब्याचे म्हातारे रुग्ण हे माझं रोजचं काम, आणि या अभ्यासाने सांगितलेलं वॉर्डात सतत दिसतं. तुमच्या आईच्या बाबतीत दुखण्याची औषधं जास्त झाली म्हणण्यापेक्षा ती एकमेकांवर चढली आहेत, आणि जे नीट द्यायचं ते सोडून बाकीचं सगळं दिलं जातंय.

आजच करायचं काम: तिला डॉक्टरांना दाखवा. सर्जन नाही भेटले तर फिजिशियन चालतील, पण आज. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लघवीची तपासणी आणि बोटावरचा ऑक्सिजन बघायला सांगा. ऑपरेशननंतर सहाव्या-सातव्या दिवशी बरळण्याचं कारण गोळ्याच असतील असं धरून चालता येत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम, कमी झालेलं रक्त, हृदयाचा झटका, फुफ्फुसात गेलेली गुठळी, पडताना डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही भ्रमाचा मुखवटा घालून येतं. "वय झालं, म्हातारचळ लागला" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आठ दिवसांपूर्वी ठीक असलेलं डोकं दोन रात्रींत म्हातारचळाने बिघडत नाही.

आता यादीकडे येते.

पॅरासिटामॉल आधी मोजू. अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, दोन वेळा म्हणजे ६५०. ट्रॅमाडॉलच्या गोळीतही ३२५, तीन वेळा म्हणजे ९७५. वर घरातली ६५० तीन वेळा, १९५०. बेरीज ३५७५ मिलिग्रॅम. जेवणानंतर तिन्ही एकत्र दिल्या असतील तर एका घासाला १३०० मिलिग्रॅम गेलं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात. ४५ किलोला ते ६७५ होतं, आणि सहा-सहा तासांनी चारदा दिलं तर दिवसाला २७००. जी बाई दोन घास खातेय तिच्या यकृताला साडेतीन ग्रॅम जास्तच. दारू, यकृताचा आजार किंवा फारच खंगलेलं शरीर असेल तर मर्यादा आणखी खाली येते. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि आतल्या औषधाचं बारीक अक्षरात, त्यामुळे तीन वेगळ्या गोळ्यांत एकच औषध आहे हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. हॉस्पिटलातही हे घडतं: शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या बाटलीत पूर्ण १ ग्रॅम असतं, आणि चाळीस किलोच्या आजींना साठ मिलीच पुरेल हे सांगितलं नाही तर सिस्टर अख्खी बाटली लावते.

गंमत म्हणजे याच औषधाला लोक "साधी तापाची गोळी" म्हणून खालच्या पंक्तीला बसवतात. दुखलं तर द्या, नाहीतर नको. खुब्याच्या म्हाताऱ्या रुग्णात ही गोळी पहिल्या पंक्तीची आहे, आणि ती घड्याळ लावून द्यायची असते. दुखायची वाट बघायची नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या खुब्याच्या मार्गदर्शक सूचनांत (२०११) सहा तासांनी पॅरासिटामॉल, त्याने भागलं नाही तर अफूवर्गीय औषध (मॉर्फिन, ट्रॅमाडॉल या वर्गातलं), सोबत नसेचा ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करणं), आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक-डायक्लोफिनॅक वर्गाची औषधं नकोत, असं स्पष्ट आहे.

त्या वर्गाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं असं माझं मत आहे. क्रिएटिनिन १.१ "नॉर्मल" हे लॅबच्या कागदावर. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि ४५ किलोच्या म्हाताऱ्या बाईत स्नायूच किती? किडनी मिनिटाला साधारण किती मिली गाळते याचं साधं गणित करून बघा: १४० मधून वय वजा करायचं, ६२. त्याला वजनाने गुणायचं, २७९०. मग ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागायचं, ३५ येतात. बाई असल्याने ०.८५ ने गुणायचं. उत्तर तीसच्या आसपास. तरुण माणसात हा आकडा शंभराच्या घरात असतो. म्हणजे ज्या किडन्यांना आपण नॉर्मल म्हणतोय त्या तिसऱ्या हिश्श्यावर चालल्या आहेत, आणि तोही त्या दिवशीचा आकडा, जेव्हा पोटात पाणी होतं आणि सलाईन चालू होतं.

अशा किडनीवर टेल्मिसार्टन, वर लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि वर अ‍ॅसिक्लोफिनॅक. किडनीत रक्त आणणारी नळी अ‍ॅसिक्लोफिनॅकने आवळते, बाहेर नेणारी टेल्मिसार्टनने सैल पडते, आणि हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी कमी झालेलं. गाळणीवर दाबच राहत नाही. चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं मी पुष्कळदा बघते. मग ट्रॅमाडॉल आणि प्रिगॅबॅलिन, दोन्ही किडनीतून बाहेर पडणारी, अंगात साठत जातात आणि माणूस बरळायला लागतो. दोष ट्रॅमाडॉलला दिला जातो. दार अ‍ॅसिक्लोफिनॅकने लावलेलं असतं. याशिवाय अ‍ॅस्पिरिन आणि एस्सिटॅलोप्रॅम या दोन्हींसोबत हा वर्ग गेला की जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. पँटोप्राझोल बरंचसं सांभाळतं, पण किडनीला त्याचा काही उपयोग नाही. डांबरासारखी काळी शौच दिसली तर थेट हॉस्पिटल. अ‍ॅसिक्लोफिनॅकची गोळी डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत देऊ नका, आणि "मग डायक्लोफिनॅकचं एक इंजेक्शन देऊ" असं कोणी सुचवलं तर तेही नको. घर बदललं, भाऊबंद तेच. जुलाब, उलट्या किंवा खाणंपिणं बंद असताना बीपीची गोळीही त्या दिवसापुरती थांबवावी लागते, पण ते बीपी बघून डॉक्टर ठरवतील.

ट्रॅमाडॉल. २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, म्हणून केमिस्ट चिठ्ठी मागतो, मागायलाच हवी. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. पण तुमच्या आईसाठी महत्त्वाचा त्रास वेगळा: ट्रॅमाडॉल शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतं आणि एस्सिटॅलोप्रॅमही तेच करतं. दोन्ही मिळून हातापायांना झटके, थरथर, घाम, ताप, अस्वस्थपणा आणि जुलाब असं चित्र होऊ शकतं. आईचे पाय झोपेत उडतात का, हात पुढे धरायला सांगितले तर थरथरतात का, बघून ठेवा. दुसरं, सोडियम. एस्सिटॅलोप्रॅम, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि ट्रॅमाडॉल, तिन्ही सोडियम उतरवू शकतात. एकशे पंचवीसच्या खाली गेलेलं सोडियम एकट्याने माणसाला बरळायला लावतं. म्हणून वरच्या यादीत ती तपासणी पहिली लिहिली. ट्रॅमाडॉलने साखरही उतरू शकते. पंचाहत्तरीनंतर दिवसाला ३०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा पुस्तकात आहे आणि आई तिच्या निम्म्याच्याही खाली आहे; पण तीसची किडनी आणि एस्सिटॅलोप्रॅम जमेस धरलं तर मी तिला हे औषध निवडलंच नसतं. एस्सिटॅलोप्रॅम मात्र एकाएकी थांबवू नका, त्याचे वेगळे त्रास असतात.

ट्रॅमाडॉलने मळमळलं की ओंडान्सेट्रॉन दिलं जातं. ते बद्धकोष्ठ वाढवतं, आणि ट्रॅमाडॉलचा दुखणं कमी करण्याचा गुणही थोडा मारतं. मळमळीचंच दुसरं औषध मेटोक्लोप्रॅमाइड, त्याने म्हाताऱ्यांना अस्वस्थपणा आणि कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. एका औषधाच्या त्रासावर दुसरं, दुसऱ्याच्या त्रासावर तिसरं, अशी ही साखळी कुठेतरी तोडावी लागते, आणि ती पहिल्याच कडीला तोडलेली बरी.

प्रिगॅबॅलिन कशाला दिलंय, हे विचारा. नस दबल्याचं किंवा मधुमेहातल्या पायांच्या आगीचं दुखणं असेल तर त्याला जागा आहे. मोडलेल्या हाडाच्या ताज्या दुखण्यावर ७८ वर्षांच्या माणसाला त्याचा फायदा कमी, गुंगी आणि तोल जाणं जास्त. अफूवर्गीय औषधासोबत ते दिलं तर श्वास मंदावू शकतो, विशेषतः वयस्करांत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला आहे. तुमच्याकडे ते सहाच दिवस चाललंय, त्यामुळे थांबवायला सहसा अडचण येत नाही. महिनोन् महिने घेणाऱ्याने मात्र हळूहळू उतरवायचं.

पोटाचं आता. सहा दिवस शौच नाही आणि मग थोडं थोडं पातळ, याला जुलाब समजू नका आणि जुलाब थांबवायची गोळी तर मुळीच देऊ नका. बहुतेक वेळा आत खडा झालेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. डॉक्टर बोटाने तपासतील, एनिमा द्यावा लागेल, कधी खडा हाताने काढावा लागतो. ऐकायला नकोसं वाटतं, पण खडा निघाल्यावर त्याच संध्याकाळी माणूस भानावर आल्याचं मी बघितलं आहे. तीच गोष्ट लघवीची. मूत्राशय तुडुंब भरलेलं आणि वरून थेंब थेंब गळतंय, घरचे म्हणतात लघवी होतेय की. बेंबीखाली हात ठेवून घट्ट गोळा लागतो का, दाबल्यावर आई कळवळते का, बघा. बरळणाऱ्या माणसाला लघवी तुंबल्याचं सांगता येत नाही, ती फक्त अंगावरचं ओढते, उठून पळू बघते.

इसबगोल देऊ नका. दिवसभरात जेमतेम चार-पाच ग्लास पाणी पिणाऱ्या, पडून असलेल्या माणसात, आणि वर आतडं अफूवर्गीय औषधाने मंदावलेलं असताना, तो भुसा फुगून अडतो. एरंडेलही नको. बिसाकोडिल, लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर, असं पोट साफ करणारं औषध ट्रॅमाडॉलची पहिली गोळी सुरू होते त्याच दिवशी सुरू करायचं असतं. चौथ्या दिवशी पोट फुगल्यावर नव्हे.

एक प्रश्न मी विचारते तेव्हा घरचे चपापतात: आजी मिश्री लावायच्या का? तंबाखू? मिश्री हॉस्पिटलात एकाएकी बंद होते, सुनेसमोर किंवा डॉक्टरांसमोर आजी बोलत नाहीत, आणि तुटल्याची तगमग भ्रमात मिसळते. आजोबांमध्ये दारूचा प्रश्न तर जीवघेणाही होऊ शकतो. दारू सुटल्याचा भ्रम सहसा पहिल्या दोन-चार दिवसांत येतो, आणि त्याचे उपचार वेगळे. तिथे झोपेच्या वर्गातलं औषध डॉक्टर स्वतः देतात, म्हणून ही माहिती लपवू नका. बाकी चष्मा, कवळी, कानाचं यंत्र तिला परत द्या. दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा, आणि जवळ एकच ओळखीचं माणूस. "बाबा गेले, आता कुठे दिसतात तुला" असा वाद घालू नका. हात धरा, "मी आहे, तू घरी आहेस, खुब्याचं ऑपरेशन झालंय" एवढं पुरे. हातपाय बांधू तर नकाच.

मग दुखण्याला काय? यकृत ठीक असेल तर मी फक्त पॅरासिटामॉल ६५० देईन, सहा-सहा तासांनी, पहाटेचा डोस न चुकवता. बाकी कुठल्याच गोळीत पॅरासिटामॉल राहणार नाही याची खात्री करून. खुब्यावर टाक्यांपासून दूर, पातळ कपड्यात गुंडाळून बर्फ. दोन पायांमध्ये उशी, तीही सर्जनने सांगितलेल्या पद्धतीने, कारण बरळण्याच्या भरात पाय आत वळला तर सांधा निखळू शकतो. यावर भागलं नाही तर ४५ किलो आणि तीसची किडनी धरून अगदी लहान मात्रेत अफूवर्गीय औषध. ब्युप्रेनॉर्फिनला किडनीचा अडसर कमी, म्हणून त्याची सात दिवसांची पट्टी लावतात. पण तिचे नियम घरात माहीत नसतात. लावल्यावर पूर्ण परिणाम यायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या रात्रीच "पट्टीने काही होत नाही" म्हणून दुसरी लावू नये. जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक देऊ नये, उष्णतेने औषध जास्त झिरपतं. ताप आला तरी तेच. पट्टी काढल्यावरही औषध पुढचा दिवसभर अंगात राहतं. पाठीवर लावलेली पट्टी पुढच्या डॉक्टरांना दिसतही नाही, म्हणून तारीख लिहून कागदावर नोंदवा. फेंटॅनिलची पट्टी ही वेगळी आणि फार जोरदार चीज. जिने आधी असं औषध घेतलेलं नाही तिला ती लावूच नये.

ज्यांच्या घरी ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी भूलतज्ज्ञांना एक विचारा: नसेचा ब्लॉक देणार का? खुब्यासाठी मांडीच्या वरच्या भागात फॅशिया इलियाका ब्लॉक देतात. २०१८ पासून पेंग नावाचा नवा ब्लॉकही आहे, ज्यात मांडीचे स्नायू सहसा कमी लुळे पडतात. हाड मोडल्या मोडल्या, ऑपरेशनच्या आधीच दिला तर क्ष-किरणाच्या टेबलावर उचलतानाची किंकाळी टळते आणि अफूवर्गीय औषध कमी लागतं. ब्लॉकचा गुण साधारण अर्धा दिवस ते एक दिवस टिकतो, आणि उतरतो तो नेमका मध्यरात्री. त्या आधीच पॅरासिटामॉल अंगात असायला हवं. पाय जड असेपर्यंत एकटं उठू देऊ नका. पूर्ण भूल की कमरेखालची, यावर फार डोकं खपवू नका. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत (२०२१) दोन्हींत भ्रमाचं प्रमाण सारखंच निघालं. आणि पेंटाझोसिन-प्रोमेथाझिनचं जोडइंजेक्शन अजूनही लहान गावांत सर्रास टोचलं जातं. पेंटाझोसिनने भास होतात, प्रोमेथाझिनने भ्रम वाढतो. वयस्करांत दोन्ही टाळायची. अंगाला खाज सुटली म्हणून फेनिरामिन देतात, तेही त्याच माळेतलं.

दुखतंय का, असं विचारलं की आपल्या आया "नाही रे, बरंय" म्हणतात. तसं विचारू नका. "कुशीवर वळताना किती दुखलं? बसताना?" असं विचारा. बरळत असेल तर चेहरा बघा: वळवताना कपाळाला आठ्या, दात आवळणं, कण्हणं, हात झटकणं. पडल्या पडल्या शांत आणि हलवलं की कळवळणं म्हणजे औषध अपुरं. न हलवताही गुंगीत, हाक मारल्यावर डोळे उघडून लगेच मिटणं म्हणजे औषध जास्त. गुंगीत आहे म्हणजे दुखत नाही असा अर्थ काढू नका. फिजिओथेरपिस्ट यायच्या पाऊण तास आधी गोळी द्या, म्हणजे वॉकर धरून चार पावलं पडतील. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसू द्या, कारण या सगळ्या औषधांनी उठल्याबरोबर बीपी उतरतं.

रात्री रुग्णवाहिका बोलवायची ती यासाठी: हलवूनही नीट जाग न येणं, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास किंवा घोरता घोरता श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, फिट, छातीत दुखणं किंवा अचानक दम लागणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, बारा तासांत लघवी नाही, ताप आणि टाक्यांतून पू, एकाच पायाची पोटरी सुजून ताठ होणं, किंवा ऑपरेशनचा पाय अचानक आखूड दिसून आत वा बाहेर वळणं.

जाताना सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा. कुठल्या गोळीचा शेवटचा डोस किती वाजता गेला ते चिठ्ठीवर लिहा. कोणी वैद्यकीय चिठ्ठीशिवाय सांधेदुखीच्या पुड्या देत असेल तर त्याही न्या, कारण त्यांत अनेकदा स्टिरॉइड किंवा दुखण्याचं औषध न सांगता मिसळलेलं असतं, आणि मग वरची सगळी बेरीज चुकते.